साइड कव्हर

टपालातून स्प्रेचे डबे पाठवता येत नाहीत,
हा नियम खिडकीशी मीच लोकांना सांगते.
म्हणून नागपूरचे माझे तीन डबे
एसटीच्या कंडक्टरच्या सीटखाली बसून आले:
प्रायमर, निळा, आणि तो तिसरा, महागाचा,
ज्याच्या बुडाशी लाल कळ असते.

गाडी दशरथ आत्रामची. माझ्याकडे सेकंड हँड,
खरं तर कितवा हात, देव जाणे.
काळी होती. टाकी उन्हानं दुधाळलेली,
उजवं कव्हर पिशवीच्या बकलानं खरवडलेलं,
ते मात्र माझंच काम,
रुंझ्यापर्यंत रोज बावीस किलोमीटर.

रविवारी न्हाणीशी पाट मांडून बसले.
चारशेचा पेपर, मग आठशेचा, वर पाण्याची धार.
काळ्याखालून मरून निघाला,
मरूनखालून पोपटी,
पोपटी! कोणाची ही हौस,
आणि पोपटीवर पिवळ्या ब्रशनं, जरा उताराला लागलेली
दोन अक्षरं:
बेबी.

कुंपणावरून वच्छला ओरडली,
"काहून वो, शोरूम काढून रायली का?"
मी काही बोलले नाही.
इकडं दर तिसऱ्या घरात एक बेबी.
निराधारच्या माझ्या यादीतच सात आहेत,
टेकाम, मडावी, दोन धुर्वे, बाकीच्या आठवत नाहीत आत्ता,
सगळ्या साठीच्या पुढच्या.
बायको असेल? लेक?
का गाडीलाच म्हणत असेल कोणी?

सोमवारी आत्रामच्या नातवाचं आधार कार्ड आलं.
सही घेता घेता विचारलं.
विडी कानामागं खोचत तो म्हणाला,
"मले का मालूम? मी घेतली तवा मरून होती.
मी घासलीच नाही. वरूनच मारला काळा."

वरूनच मारला.
डब्यावर लिहिलंय, घासल्याशिवाय रंग धरत नाही.
ह्यानं धरला होता. किती वर्षं, मोजायला कोणी नाही.
घरी येऊन मी कडा तेवढ्या घासल्या,
अक्षरांवर पेपर नेला
आणि तसाच परत आणला.

पुढच्या रविवारी, पहाटे, थंडीत,
डबे कोमट पाण्याच्या बादलीत.
कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेली कव्हरं,
भोवती जुनी मच्छरदाणी,
तोंडाला फवारणीचा मास्क,
कृषी सहायकानं गावभर वाटलेला, खुंटीखुंटीला लटकलेला.
प्रायमरचे दोन हात. निळ्याचे तीन.
मग डबा उलटा करून लाल कळ दाबली:
आत काहीतरी फुटलं, मिसळलं.
आता हा डबा उद्या पहाटेपर्यंतच जिवंत.
हात कव्हरच्या बाहेरून सुरू करायचा,
बाहेरच संपवायचा.
मध्ये थांबलं की ओघळ.
मी एकदा थांबले. डाव्या कोपऱ्यात आहे तो, अजून.

पांढरकवडा रोडवर जिनिंग रात्रंदिवस चालू,
हवेत कापूस.
एक तंतू मच्छरदाणीतून कसा आला कोण जाणे,
ओल्या क्लिअरवर अलगद बसला.
चिमट्यानं काढायला गेलं तर खड्डा पडतो.
राहू दिला.

सातव्या दिवशी नख दाबून पाहिलं. उमटलं नाही.
पेट्रोल सांडून पाहिलं. डाग नाही.
फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात
दुसऱ्या अक्षराची वेलांटी
निळ्याखालून किंचित मान वर काढते.

बुधवारी बेबी टेकाम पैसे न्यायला आली.
वेचणीनं झिजलेला अंगठा यंत्राला सापडेना,
चार वेळा, पाच वेळा.
"थांबा जरा," म्हटलं, "रेंज येऊ द्या."
ती बाहेर गाडीशी जाऊन उभी राहिली.
"निळा साजरा हाय वो," म्हणाली,
आणि तोच अंगठा कव्हरवरून फिरवत नेला,
फिरवत नेला, आणि मध्येच थांबवला.
"इथं खाली काई हाय."

मी ओलं फडकं घेऊन तिचा अंगठा पुसला.
म्हटलं, या. पुन्हा लावून पाहू.